थप्पी एकच, माल कोणताही

लातूरच्या मोंढ्यात हंगामात आडतीपुढे सोयाबीनच्या कट्ट्यांची थप्पी लागते. शेवटी ठेवलेला कट्टा आधी उतरवायचा; खालचा ओढला तर थप्पी कोसळते. माल तुरीचा असो की हरभऱ्याचा, हमालाची रीत तीच. संगणकशास्त्रातला ‘स्टॅक’ म्हणजे ही थप्पीच.

ओळखीच्या एका आडत्यासाठी प्रोग्राम लिहिताना मी तीन मालांचे तीन स्टॅक लिहिले. कोड तोच, नावं वेगळी. रिकाम्या थप्पीतून कट्टा काढायला गेलं की प्रोग्राम बंद पडायचा. ती चूक दोन ठिकाणी दुरुस्त केली, तिसरी राहून गेली. मग ‘काहीही ठेवा’ असा एकच स्टॅक केला. तुरीत हरभरा शिरला आणि ते कळलं थेट हिशेबाची पट्टी करताना.

यावरचा उपाय म्हणजे जेनेरिक्स. स्टॅक लिहिताना मालाच्या जागी नुसतं ‘टी’ लिहायचं आणि वापरताना ‘स्टॅक<तूर>’ असं सांगायचं. आता हरभरा ठेवणारी ओळ कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, आपला प्रोग्राम चालण्याआधीच अडवतो. १९७०च्या दशकातच संगणकशास्त्रज्ञ रॉबिन मिल्नर यांच्या ‘एमएल’ आणि बार्बरा लिस्कोव यांच्या ‘सीएलयू’ या प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये ही सोय होती. जावा या भाषेत ती २००४ साली आली, ‘गो’ या भाषेत तर २०२२ साली.

खरा कस लागतो तो ‘टी’कडून काय मागायचं हे ठरवताना. थप्पीला काहीच लागत नाही. क्रम लावायचा तर दोन वस्तूंत लहान-मोठं ठरवता आलं पाहिजे, तेवढीच अट घालावी. गरजेपेक्षा एक अट जास्त घातली तरी निम्मा माल दाराबाहेर राहतो.

आणखी एक पेच मला फार आवडतो. तूर हे धान्यच. मग तुरीची थप्पी ही धान्याची थप्पी का नाही? समजा, ‘धान्याची थप्पी’ म्हणून ती कोणाच्या ताब्यात दिली. त्यानं वर गव्हाचा कट्टा ठेवला, तर त्याचं काय चुकलं? गहूही धान्यच! जावाच्या अ‍ॅरेत, म्हणजे ठरावीक लांबीच्या रांगेत, कंपायलर हे खपवून घेतो आणि मग चालू असताना प्रोग्रामच आपटतो. जेनेरिक लिस्टला, म्हणजे यादीला, मात्र कंपायलर आधीच नकार देतो. नुसतं मोजमापच करायचं असेल, तर ‘लिस्ट<? एक्स्टेंड्स धान्य>’ असं लिहावं, म्हणजे ‘धान्याच्या कोणत्या तरी एका प्रकाराची यादी’. मग मापाड्यानं कट्टे खुशाल मोजावेत, वजन करावं. नवा कट्टा त्याला वर ठेवता येत नाही.