निवडुंगाचा बुंधा तपकिरी झालाय: जून झाला की कुजला?

कुंडीतल्या निवडुंगाचा मातीलगतचा भाग तपकिरी दिसू लागला की बहुतेक घरांत दोनपैकी एक होतं. कुणी घाबरून झाड उपटतं, मुळं धुतं, औषध फवारतं. कुणी ‘जुनं झालंय, चालायचंच’ म्हणून तसंच ठेवतं. पहिल्या प्रकारात धडधाकट झाडाचे हाल होतात, दुसऱ्या प्रकारात वाचू शकणारं झाड हातचं जातं. घोटाळा होतो तो साहजिक आहे, कारण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच जागी, म्हणजे बुंध्याशी सुरू होतात आणि पहिल्या नजरेला दोन्हींचा रंग सारखाच वाटतो. एक आहे कॉर्किंग, म्हणजे खोड जून होणं. दुसरी आहे खोडकूज.

कॉर्किंगमध्ये बिघडलेलं काहीच नसतं. बहुतेक निवडुंगांना पानं नसतात, त्यामुळे अन्न तयार करायचं काम हिरवं खोडच करतं आणि म्हणून त्याची साल वर्षानुवर्षं कोवळी, हिरवी राहते. पण झाड उंच आणि जड झालं की खालच्या भागाला वजन पेलावं लागतं. मग तिथल्या हिरव्या सालीखाली बुचासारख्या पेशींचा थर तयार होतो आणि ती जागा लाकडासारखी टणक होते. अरिझोनाच्या वाळवंटातल्या जुन्या सॅग्वारो निवडुंगांच्या बुंध्याला अशीच जाड, करडी साल असते. आपल्याकडे फड्या निवडुंग, सेरिअस, मॅमिलेरिया आणि सोनेरी काट्यांचा गोल ‘गोल्डन बॅरल’ या सगळ्यांवर ती दिसते. हा रंग मातीपासून वर चढतो, पण त्याला महिने, वर्षं लागतात. तो भाग पुन्हा हिरवा होत नाही आणि त्याला कुठलंही औषध लागत नाही.

कूज मात्र बाहेरून येते आणि घाईत असते. फायटोफ्थोरा, पिथियम, फ्युजेरियम अशा बुरशी किंवा बुरशीसदृश जीव आणि काही जिवाणू मुळांच्या किंवा जखमेच्या वाटेने आत शिरतात आणि पाण्याने भरलेला गर खाऊ लागतात.

आता दोन्ही शेजारी ठेवून पाहा. जून झालेला भाग फिका तपकिरी किंवा खाकी, कोरडा, खरखरीत दिसतो. कंगोरे जागच्या जागी असतात, काटे घट्ट असतात. कुजलेला भाग गडद, काळपट आणि ओलसर चमकणारा असतो. त्याच्या कडेला बऱ्याचदा पिवळट, पाणी झिरपल्यासारखा पट्टा दिसतो. कंगोऱ्यांची धार बसते आणि काटा चिमट्याने हलकेच ओढला तर त्याच्या बुडाशी असलेल्या मऊ गादीसकट निघून येतो. जिवाणूंची कूज असेल तर वासच सांगतो.

नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका. पेन्सिलीचं मागचं टोक डागावर हलकेच दाबा. टणक लागलं तर बहुधा कॉर्किंग, टोक आत रुतलं तर कूज. मग डागाच्या कडेवरून पक्क्या मार्करने रेघ ओढा आणि चार-पाच दिवसांनी पाहा. कॉर्किंग तिथेच असतं. जुलैच्या दमट हवेत मऊ कूज ती रेघ एक-दोन दिवसांतही ओलांडते.

या चाचणीला एक अपवाद आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. फ्युजेरियमची कूज कधीकधी कोरडी असते. साल बाहेरून कडक राहते आणि बुरशी आतल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांमधून वर चढते. पेन्सिल रुतत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. अशा वेळी झाडाच्या वरच्या भागाकडे पाहावं. माती ओली असूनही खोड सुरकुतत असेल, रंग निस्तेज होत असेल, झाड एका बाजूला कलत असेल किंवा हलवल्यावर मातीत डुगडुगत असेल, तर कुंडीतून काढून मुळं पाहायलाच हवीत. जिवंत मूळ पांढरट किंवा फिकट आणि लवचीक असतं. मेलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते आणि मागे नुसता दोरा उरतो.

झाड कुंडीबाहेर काढलंच आहे, तर मुळांच्या मधोमध काय आहे तेही बघा. नर्सरीतून आणलेल्या पुष्कळ झाडांत तिथे कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुग्याचा घट्ट गोळा असतो. बाहेरची माती वाळलेली असते आणि हा गोळा दाबला की पाणी सुटतं. वरून खडे चिकटवलेले असतील तर आणखी वाईट, कारण ओल वर येत नाही आणि बुंधा दिसतच नाही. कुजेचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. ओल्या मातीत हवा खेळत नाही, बारीक मुळं गुदमरून मरतात आणि मेलेल्या मुळांतून बुरशी वर सरकते.

कूज ठरली की वाट पाहू नये. ब्लेड किंवा पातळ सुरी स्पिरिटने पुसून कुजलेल्या भागाच्या वर आडवा काप घ्या. कापलेल्या भागात मध्ये एक गोल कडी दिसते, त्याच पाणी वाहणाऱ्या नळ्या. कडी फिकट हिरवी-पांढरी असेल तर थांबा. तांबूस किंवा तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा आणि प्रत्येक कापाआधी पातं पुन्हा पुसा. एक ठिपका मागे ठेवलात तर महिन्याभरात सगळं पुन्हा करावं लागेल. स्वच्छ तुकडा सावलीत, हवेशीर जागी उभा वाळवा. बारीक खोडाला आठवडा पुरतो, जाड खोडाला दोन-तीन आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याहूनही जास्त. काप कोरडा खडखडीत झाला की मातीच्या कोरड्या मिश्रणावर (ते कसं असावं ते पुढे दिलंय) ठेवा आणि मुळं फुटेपर्यंत पाणी घालू नका. कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचं मिश्रण कापावर लावलं तर बुरशीविरुद्ध मदत होते (हातमोजे आणि मास्क घालूनच), पण जिवाणूंच्या कुजेवर ते चालत नाही आणि आत शिरलेली बुरशी वरच्या फवारणीने जात नाही. खरा उपाय सुरीच आहे. जुनी माती टाकून द्या, दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

तपकिरी डागांची आणखी दोन कारणं बुंध्याशी नसतात, म्हणून ती ओळखणं सोपं आहे. उन्हाचा चट्टा फक्त उन्हाच्या बाजूला पडतो. तो आधी पांढुरका-पिवळा होतो, मग तपकिरी आणि कोरडा. आपल्याकडे तो मे महिन्यात येतो तसाच ऑक्टोबरमध्येही येतो, कारण चार महिने ढगाळ उजेडात राहिलेलं झाड एकदम ऑक्टोबर हीटमध्ये सापडतं. लाल कोळी ही कीड वरच्या कोवळ्या शेंड्यापासून गंजासारखा बारीक रंग आणते. म्हणजे तपकिरी रंग शेंड्याकडून खाली येत असेल, तर ते कॉर्किंग नव्हे.

कूज टाळायची तर पाण्याच्या वेळापत्रकाआधी माती सुधारा. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत 2000 च्या वर, आणि दोन्हीकडे तो बहुतेक चार महिन्यांतच. कुंडी छपराखाली असली तरी त्या हवेत माती वाळायला फार वेळ लागतो. म्हणून निम्म्याहून जास्त भाग जाड वाळू, पर्लाइट (पांढरे, हलके खडे) किंवा विटेचा बारीक खडा असावा. विटेची भुकटी चाळून टाकावी, नाहीतर तीच चिखल होते. कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पाव हिश्शापेक्षा जास्त नको. समुद्राची वाळू नकोच. कुंडी झाडापेक्षा बोटभर रुंद पुरे, मोठ्या कुंडीत ओल साठते. नवं झाड आणलं की कोकोपीट झाडून काढावं, कोरड्या मिश्रणात लावावं आणि आठवडाभर पाणी देऊ नये, म्हणजे तुटलेल्या मुळांच्या जखमा भरतात. जून ते सप्टेंबर खाली ताटली ठेवू नये.

हिरव्या तिधारी दांड्यावर लाल किंवा पिवळा गोळा असलेला ‘मून कॅक्टस’ घेतला असेल तर दोन्ही भाग वेगवेगळे तपासा. दांडा हा ड्रॅगनफ्रूटचा भाऊबंद. तोही खालून जून होतो आणि ते ठीक आहे. पण तो कुजला तर वरच्या गोळ्याला वेळ फार कमी असतो, कारण त्यात हरितद्रव्य नाही आणि मुळं फुटली तरी तो स्वतःच्या बळावर जगत नाही. गोळा निरोगी असेतो तो ताज्या दांड्यावर पुन्हा बसवता येतो. सांगली-सोलापूरकडे ड्रॅगनफ्रूटची लागवड वाढल्यापासून असा दांडा मिळणं अवघड राहिलेलं नाही. दोन्ही काप ताजे घ्यावेत, दोन्हींतल्या कड्या निदान एका जागी एकमेकींवर येतील असे बसवावेत आणि वरून कुंडीखालून रबरबँड घालून साधारण दोन आठवडे सावलीत ठेवावेत.