चार मीटरच्या आतली एसयूव्ही: कराच्या रेषेने घडवलेली गाडी

मारुती ब्रेझाची लांबी ३,९९५ मिलिमीटर. टाटा नेक्सॉन बाजारात आली तेव्हा ३,९९४. ह्युंदाई व्हेन्यू, किया सोनेट, स्कोडा कायलॅक, तिन्ही ३,९९५. भारतीय, जपानी, कोरियन आणि युरोपीय कंपन्या एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून गाड्या बनवतात, आणि सगळ्यांची मोजपट्टी एकाच आकड्यापाशी येऊन थांबते. या गाड्यांबद्दल आपल्याकडे जे रोजचे प्रश्न विचारले जातात (घाटात वळण घेतल्यावर गाडी दम का खाते, डिकीत दोन मोठ्या बॅगा गेल्या की तिसरी का अडते, मागचा भाग असा कापल्यासारखा का दिसतो) त्यांची उत्तरं शोधायची तर आधी अर्थसंकल्पाचे कागद काढावे लागतात.

फेब्रुवारी २००६ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. भारत हे छोट्या, कमी इंधन पिणाऱ्या गाड्यांचं केंद्र व्हावं, असा त्यामागचा विचार होता. छोटी गाडी कोणती, हेही तेव्हाच ठरलं: लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंत. लांबी आणि इंजिन या दोन्ही अटी एकदम पाळायच्या. रुंदी किती, उंची किती, वजन किती, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर किती, याबद्दल नियमात काही नव्हतं. पुढे जे झालं ते बरंचसं या न लिहिलेल्या गोष्टींमुळे झालं.

या नियमाचा पहिला मोठा फायदा सेडान गाड्यांनी उचलला. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची मागची बाजू आखडून इंडिगो सीएस आणली. एसयूव्ही म्हणजे तेव्हा स्कॉर्पिओ, सफारी, बोलेरो. चार मीटरच्या आत त्यांच्यासारखं काही बसेल, असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. पहिला प्रयत्न आपल्या चिंचवडमधून झाला, हे आज बऱ्याच जणांच्या लक्षात नाही. एकेकाळी पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियरने २००९ च्या अखेरीस रिओ नावाची गाडी काढली. मूळ आराखडा दायहात्सू तेरिओस या जपानी गाडीचा, तो एका चिनी कंपनीमार्फत आलेला, आणि डिझेल इंजिन प्यूजोच्या घराण्यातलं. ताकद बेताची, विक्रीचं जाळं लहान, त्यामुळे गाडी चालली नाही. पण उंच बसण्याची जागा, दारावर लावलेली स्टेपनी आणि छोट्या गाडीचा कर हे तिन्ही एकत्र आणणारी ती पहिली.

सप्टेंबर २०१२ मध्ये महिंद्राची क्वांटो आली. तिच्याकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण या नियमाने गाडीचं काय होतं ते तिच्यात उघड दिसतं. महिंद्राचीच झायलो ही साडेचार मीटरची मोठी गाडी. क्वांटोमध्ये झायलोचा सांगाडा, झायलोची केबिन आणि चाकांमधलं २,७६० मिलिमीटर अंतर तसंच राहिलं. अर्ध्या मीटरहून जास्त लांबी कापली ती बहुतेक सगळी मागच्या चाकांच्या पलीकडची. दीड टनाहून जड, पावणेदोन मीटरहून उंच अशा त्या गाडीला १,४९३ सीसीचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन दिलं आणि कमी आरपीएमलाही (म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असतानाही) ओढ मिळावी म्हणून दोन टप्प्यांचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, बसवला. आत बसल्यावर जागा भरपूर मिळायची. वळणावर मात्र गाडी चांगलीच कलायची, खड्ड्यातून गेल्यावर पुढे-मागे डोलायची, आणि मागची दोन आडवी आसनं उघडली की सामान ठेवायला काही उरत नसे. मोठी गाडी कापून छोटी करता येते, पण तिचं वजन आणि उंची कापता येत नाही.

२०१३ च्या अर्थसंकल्पाने हा दबाव आणखी वाढवला. एसयूव्हीवरचं उत्पादन शुल्क २७ वरून ३० टक्के झालं. एसयूव्ही रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये जास्त जागा अडवतात, तर त्यांनी जास्त कर द्यावा, असं कारण अर्थमंत्र्यांनी दिलं होतं. एसयूव्ही कोणती, हेही ठरलं: चार मीटरहून लांब, १,५०० सीसीहून मोठं इंजिन आणि ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) १७० मिलिमीटर किंवा जास्त, या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली. याचा सरळ अर्थ असा की चार मीटरच्या आत राहिलात तर गाडी कितीही उंच उचला, कर वाढत नाही. त्यानंतर ग्राउंड क्लिअरन्स भराभर वाढला. फोर्ड इकोस्पोर्टचा २००, ब्रेझाचा १९८, नेक्सॉनचा २०९ मिलिमीटर. गावाकडच्या रस्त्यावर, सोसायटीच्या दारातल्या मनमानी गतिरोधकावर, पावसाळ्यात पाणी साचलेल्या चौकात हा दीड-दोन इंचांचा फरक रोज कामाला येतो. मला या गाड्यांच्या लोकप्रियतेचं सगळ्यात पटणारं कारण हेच वाटतं. बाकी रूफ रेल आणि काळं प्लॅस्टिक ही सजावट. यातल्या जवळजवळ सगळ्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. फोर व्हील ड्राइव्ह नाही, त्यामुळे शेतातल्या ओल्या काळ्या मातीत त्या हॅचबॅकइतक्याच अडकतात.

जून २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आली, सुरुवातीची किंमत ५ लाख ५९ हजार. तिचा मूळ अवतार ब्राझीलमध्ये फिएस्टाच्या आधारावर घडला होता. भारतासाठी बंपर बदलून लांबी ३,९९९ मिलिमीटरवर आणली, म्हणजे नियमाला फक्त एक मिलिमीटर राखून. क्वांटोच्या उलट ही हॅचबॅकच्या हाडापेराची गाडी, म्हणून ती वळणावर बसून चालायची, स्टिअरिंगला वजन होतं, वेगातही विश्वास वाटायचा. गाडी चालवण्याचा आनंद आणि उंच बसण्याची सोय एकत्र मिळू शकते, हे आपल्याकडे तिने दाखवलं. गैरसोयी होत्याच. स्टेपनी मागच्या दारावर आणि दार बाजूला उघडणारं, त्यामुळे मागे दुसरी गाडी टेकलेली असली की डिकी उघडणं मुश्कील. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतला आणि ती गेली. चालवणाऱ्यांमध्ये तिचं नाव आजही आदराने निघतं, आणि ते योग्यच आहे.

इकोस्पोर्टनेच या वर्गात एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणलं. १,२०० सीसीच्या मर्यादेतून काढलेली ही वाट पुढे सगळ्यांनीच धरली: नेक्सॉन १,१९९ सीसी, व्हेन्यू ९९८, कायलॅक ९९९. टर्बो नसलेलं एक लिटरचं इंजिन साधारण नव्वद न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) देतं, टर्बो लावला की तो एकशे सत्तरच्या आसपास जातो. पण टर्बोचं पातं फिरतं इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर, आणि इंजिन लहान असेल तर कमी आरपीएमला ते वायू पुरेसे नसतात. दीड-पावणेदोन हजार आरपीएमपर्यंत आपण प्रत्यक्षात बिनटर्बोचं एक लिटरचं इंजिन चालवत असतो, आणि त्याच्यावर ओझं असतं अकराशे ते तेराशे किलो गाडीचं, शिवाय पाच माणसांचं आणि सामानाचं.

याची खरी परीक्षा घाटात होते. आंबेनळीसारख्या घाटात हेअरपिन वळणावर वेग पंधरा-वीसवर येतो, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असते, आरपीएम बाराशेपर्यंत उतरतो. पाय दाबला तरी क्षणभर काहीच होत नाही. मग पातं फिरू लागतं आणि एकदम सगळी ओढ येते, तोवर चाकं वळलेलीच असतात. बरेच जण तिथे हाफ क्लचवर गाडी ओढतात आणि क्लच प्लेट जाळतात. उपाय साधा आहे: वळणाआधीच पहिला गिअर टाकायचा, तो कमीपणा मानायचा नाही. याच गाड्या दोन हजार आरपीएमच्या वर गेल्या की द्रुतगती महामार्गावर ट्रक ओलांडताना मोठ्या इंजिनासारख्या सुटतात. म्हणून शोरूमच्या दारातून सपाट रस्त्यावर मारलेल्या चकरीत या गाडीबद्दल काहीच कळत नाही. चार माणसं बसवून चढावर, गाडी थांबवून पुन्हा उचलून पाहिली पाहिजे.

मायलेजचंही तसंच. गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेचा जो आकडा जाहिरातीत येतो तो ठरलेल्या चक्रानुसार प्रयोगशाळेतल्या रोलरवर मोजलेला असतो, आणि त्या चक्रात वेग ९० किलोमीटरच्या वर जात नाही. तिथे टर्बोला फार काम नसतं. शहरातल्या थांब-चल रहदारीत प्रत्येक सिग्नलला टर्बो जागा करावा लागतो, आणि फरक पंपावर दिसतो.

डिझेलचा काळ या बाबतीत सुखाचा होता. मार्च २०१६ मध्ये आलेली ब्रेझा फक्त डिझेलमध्ये मिळायची. फियाटचं १,२४८ सीसी इंजिन, २०० न्यूटन-मीटर टॉर्क. दोन हजारांच्या खाली तेही जरा आळसच करायचं, पण त्याच्या वर भरलेली गाडी सहज ओढायचं आणि मायलेजही भरघोस द्यायचं. त्याच वर्षी महिंद्राने बोलेरोलाही बंपर छाटून ३,९९५ मिलिमीटरवर आणलं आणि अडीच लिटरच्या जागी दीड लिटरचं इंजिन बसवलं, म्हणजे गावोगावची ओळखीची गाडीसुद्धा या रेषेच्या आत आली.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तरी रेषा तशीच राहिली. सप्टेंबरपर्यंत चित्र स्पष्ट झालं: छोट्या पेट्रोल गाडीवर २९ टक्के, छोट्या डिझेलवर ३१, आणि मोठ्या एसयूव्हीवर थेट ५०. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुरावरचे कडक नियम लागू झाल्यावर छोट्या डिझेल इंजिनांचा खर्च परवडेना, आणि मारुतीने डिझेल सोडूनच दिलं. ब्रेझाला मग १,४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन मिळालं. हा निर्णय मला विशेष वाटतो, कारण चार मीटरच्या आत राहूनही या गाडीने कराची सवलत सोडली. बदल्यात मिळालं टर्बोशिवायचं, एकसारखं ओढणारं इंजिन, शहरात चालवायला अगदी सोपं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ आणि बाकीच्यांवर ४० टक्के जीएसटी झाला, तेव्हा हे इंजिन ४० मध्येच राहिलं.

लांबी वाढवता येत नसल्यामुळे गाड्या आडव्या वाढल्या. इकोस्पोर्टची रुंदी १,७६५ मिलिमीटर होती, ब्रेझाची १,७९०, नेक्सॉनची १,८११, महिंद्राच्या एक्सयूव्ही ३०० ची १,८२१. मागे तिघांना खांद्याला खांदा न घासता बसता येतं, ही त्यातली चांगली बाजू. जुन्या पेठेतल्या बोळात मात्र आरसे मिटूनच जावं लागतं. छोटी गाडी म्हणून घेतलेली ही गाडी रुंदीला छोटी नसते, हे घरच्या पार्किंगचं माप घेतल्याशिवाय कळत नाही.

कापाकापीमुळे गाडी कमकुवत होते, ही शंका बरीच वर्षं होती. रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीने ते पहिल्यांदाच मिळवले होते. त्यानंतर सुरक्षेबद्दल शोरूममध्ये प्रश्न विचारले जाऊ लागले, आणि या छोट्याशा वर्गाने केलेलं हे काम मोठं आहे.

जागेची ओढाताण सगळ्यात स्वच्छ दिसते ती एक्सयूव्ही ३०० मध्ये. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेली ही गाडी सँगयाँग टिवोली या सुमारे ४.२ मीटरच्या कोरियन गाडीवर आधारलेली. इतर गाड्यांमध्ये चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आसपास असताना हिच्यात ते २,६०० मिलिमीटर होतं, म्हणून मागे पाय पसरून बसता यायचं, आणि दीड लिटरच्या डिझेलचा ३०० न्यूटन-मीटर टॉर्क घाटात मनासारखा मिळायचा. लांबी ३,९९५ वर आणताना कात्री डिकीवर चालली. उरले २५७ लिटर, त्याच वेळी व्हेन्यूची डिकी ३५० लिटरची होती. चौघांचं आठवड्याचं सामान त्यात बसत नसे.

जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राने त्याच गाडीची इलेक्ट्रिक आवृत्ती एक्सयूव्ही ४०० आणली. इलेक्ट्रिक गाड्यांवर ५ टक्के जीएसटी आणि त्याला लांबीची अट नाही. चाकांमधलं अंतर तेच ठेवून गाडी ४,२०० मिलिमीटरची झाली आणि डिकी ३७८ लिटरची. वर्षभराने, एप्रिल २०२४ मध्ये, एक्सयूव्ही ३०० ची जागा ३एक्सओने घेतली. ती पेट्रोल-डिझेलची, म्हणून तिची लांबी ३,९९० मिलिमीटर.