प्री-मनी की पोस्ट-मनी? एकाच ऑफरमधल्या दोन किमती

"20 लाखांना 10 टक्के हिस्सा देतोय, म्हणजे माझ्या धंद्याची आजची किंमत 2 कोटी." गुंतवणूकदारांसमोर पिच (धंद्याची मांडणी) करणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं. हे वाक्य चूक आहे. 2 कोटी ही गुंतवणूकदाराचे 20 लाख कंपनीच्या खात्यात जमा झाल्यानंतरची किंमत, म्हणजे पोस्ट-मनी. आजची, पैसे यायच्या आधीची किंमत 1 कोटी 80 लाख, म्हणजे प्री-मनी.

पोस्ट-मनी काढायला सगळ्यांना येतं: रक्कम भागिले टक्केवारी. त्यातून गुंतवणुकीची रक्कम वजा करा, प्री-मनी हातात. गणित एवढंच. व्हॅल्युएशन (कंपनीची ठरवलेली किंमत) म्हणजे उलाढाल नव्हे आणि नफाही नव्हे, हेही इथवर आलेल्या वाचकाला माहीत असणारच, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

रक्कम लहान असली की दोन किमतींमधला फरक नजरेत भरत नाही. 20 लाख घेताना 2 कोटी पोस्ट धरले तर 10 टक्के द्यावे लागतात, प्री धरले तर 9.09. म्हणून लोक "व्हॅल्युएशन 2 कोटी" एवढंच बोलून मोकळे होतात. पण 3 कोटींच्या व्हॅल्युएशनवर 1 कोटी घ्यायची वेळ आली की प्री धरून 25 टक्के जातात आणि पोस्ट धरून 33.33. एक शब्द न बोलल्यामुळे कंपनीचा आठ टक्क्यांहून जास्त भाग हातचा जातो. "आधीचं की नंतरचं" हे ज्या ऑफरमध्ये लिहिलेलं नाही, तिला मी ऑफर मानतच नाही.

खरी गफलत मात्र घासाघीस सुरू झाल्यावर होते. गुंतवणूकदार म्हणतो, "तुमचं व्हॅल्युएशन मला मान्य. मी 20 ऐवजी 40 लाख देतो, तुम्ही 10 ऐवजी 20 टक्के द्या." फाउंडर खूश होतो. किंमत मान्य झाली, वर दुप्पट पैसे. प्रत्यक्षात इथे त्याच्या कंपनीचा भाव खाली आलेला असतो, आणि तो टक्क्यांत दिसत नाही. शेअर मोजले की दिसतो.

समजा आज कंपनीचे 90,000 शेअर आहेत आणि सगळे फाउंडरचे आहेत. गुंतवणूकदार आला म्हणून यातला एकही शेअर कुठे जात नाही; कंपनी नवे शेअर काढते आणि त्याला देते. ("त्यांनी माझे 10 टक्के घेतले" असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. तुमचे शेअर तेवढेच राहतात, एकूण आकडा वाढतो.) पहिल्या ऑफरमध्ये 20 लाखांना 10,000 नवे शेअर, एकूण 1,00,000, भाव 200. तुमच्या 90,000 शेअरची किंमत 1 कोटी 80 लाख. दुसऱ्या ऑफरमध्ये 20 टक्के द्यायचे तर 22,500 नवे शेअर काढावे लागतात, एकूण 1,12,500. 40 लाखांना 22,500, म्हणजे भाव 177.78. तुमच्या त्याच 90,000 शेअरची किंमत आता 1 कोटी 60 लाख.

पोस्ट-मनी दोन्हीकडे 2 कोटी. प्री-मनी 20 लाखांनी घसरली. 200 चाच भाव टिकवायचा असता तर 40 लाखांना 20,000 शेअर गेले असते, म्हणजे 18.18 टक्के. "व्हॅल्युएशन तेच ठेवलं" हे वाक्य खरं असूनही फाउंडरचं नुकसान होतं ते असं. रक्कम बदलली की पोस्ट-मनीची तुलना निरुपयोगी ठरते. तेव्हा प्री-मनी किंवा शेअरचा भाव, हेच धरून बोलावं. मला शेअरचा भाव जास्त आवडतो, कारण त्यात लपवायला जागा नसते.

प्री-मनीत मात्र ती असते. टर्म शीटमध्ये (गुंतवणुकीच्या अटींच्या कागदात) बहुतेक वेळा "फुली डायल्युटेड" (राखून ठेवलेले शेअरही एकूणात धरून) असे शब्द येतात आणि सोबत एक अट: कर्मचाऱ्यांसाठी 10 टक्क्यांचा ऑप्शन पूल, म्हणजे त्यांना पुढे द्यायला राखून ठेवलेले शेअर, तोही पैसे येण्याआधी तयार केलेला. वाचताना निरुपद्रवी वाटतं. आता पहिलीच ऑफर घ्या, 20 लाखांना 10 टक्के, आणि ही अट जोडा. गुंतवणूकदाराचे 10, पुलाचे 10, तुमचे 80. तुमचे 90,000 शेअर म्हणजे 80 टक्के, तर एकूण 1,12,500. गुंतवणूकदाराला 20 लाखांना 11,250 शेअर मिळतात. भाव? 177.78. रक्कम दुप्पट झाली तेव्हा जो भाव आला होता तोच. कागदावर प्री-मनी अजूनही 1 कोटी 80 लाख आहे, पण त्यातले 20 लाख अजून कुणालाही न दिलेल्या शेअरचे आहेत. तुमच्या वाट्याला 1 कोटी 60 लाखच.

हाच पूल पैसे आल्यानंतर काढला असता तर दोघांचाही हिस्सा सारख्या प्रमाणात कमी झाला असता: तुमचे 81, त्याचे 9, पुलाचे 10. म्हणजे प्रश्न पूल हवा की नको हा नाही. माणसं घ्यायची तर पूल लागणारच. त्याची झळ कोण सोसणार, हा प्रश्न आहे. शिवाय पुलातले न वाटलेले ऑप्शन कंपनी विकताना साधारणपणे हिशेबातून निघून जातात आणि त्याचा फायदा गुंतवणूकदारासह सगळ्यांना मिळतो. झळ मात्र एकट्या फाउंडरने सोसलेली असते. म्हणून पुलाचा आकडा समोरच्याला ठरवू देऊ नये. पुढच्या राउंडपर्यंत (गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीपर्यंत) कोणती माणसं घ्यायची आहेत आणि प्रत्येकाला किती द्यावे लागतील, याची यादी करून न्या. बेरीज 6 टक्के आली तर 6 वरच अडून बसा. "पद्धतच आहे" हे 10 किंवा 15 टक्क्यांसाठीचं कारण होऊ शकत नाही.

पैसे कंपनीत न येता फाउंडरच्या खिशात जाणार असतील, म्हणजे गुंतवणूकदार त्याचे जुनेच शेअर विकत घेत असेल, तर नवे शेअर निघत नाहीत आणि प्री व पोस्ट एकच राहतात. दोन्ही मिसळलं असेल तर कंपनीत येणारी रक्कम तेवढीच वजा करायची. इथे फार डोकं लावायची गरज नाही.

डोकं लावायला हवं ते सेफच्या बाबतीत. सेफ म्हणजे पैसे आज घेऊन त्याचे शेअर पुढच्या राउंडमध्ये देण्याचा करार. स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी संस्थेने 2013 मध्ये सेफ आणली तेव्हा तिच्यातली कॅप (ते शेअर देताना धरायची कंपनीची कमाल किंमत) प्री-मनी होती. 2018 मध्ये त्यांनी ती पोस्ट-मनी केली. लोक जुन्या सेफचं स्पष्टीकरण वाचतात आणि सही नव्यावर करतात, याचा मला मनापासून राग येतो, कारण भुर्दंड फाउंडरलाच पडतो. नव्या सेफमध्ये 5 कोटींच्या कॅपवर 50 लाख घेतले म्हणजे 10 टक्के गेले. तशीच दुसरी सेफ घेतली की आणखी 10, आणि पहिलीचे 10 तसेच शाबूत राहतात. सगळी घट तुमच्या बाजूला. जुन्यात दुसरी सेफ पहिलीलाही थोडी खायची. आणि इथलं "पोस्ट" म्हणजे सेफचे पैसे आल्यानंतर, पण पुढच्या राउंडचे पैसे येण्याआधी. त्या राउंडमध्ये नव्या गुंतवणूकदाराला 20 टक्के गेले की तुमचे उरलेले 80 घसरून 64 होतात, तेही नवा पूल न धरता. सेफवर सही करण्याआधी कॅप टेबलमध्ये (कुणाकडे किती शेअर याच्या तक्त्यात) तिची स्वतंत्र ओळ टाका आणि पुढचा राउंड झाला असं धरून तुमचा रकाना भरा.