नागपूरच्या उन्हात पडलेला टॉप व्ह्यू

"सर, टॉप व्ह्यू दिसूनच नाही राहिला!" इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या तासाला पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी हे म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही. टॉप व्ह्यू म्हणजे वस्तू सरळ वरून पाहिली की दिसणारं चित्र. शीट सपाट, प्रिझम (दोन सारखे पाय आणि सपाट बाजूंचा ठोकळा) भरीव. तो शीटवर कसा उतरतो हे कुणी दाखवलेलंच नसतं. मग मुलं पायऱ्या पाठ करतात.

नागपुरात हे दाखवायची सोय सूर्यच करतो. हे शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, २१.१ अंशांवर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी बारा-दहाच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो. किरणं जवळजवळ समांतर आणि जमिनीला काटकोनात. जमीन झाली एचपी, म्हणजे आडवं प्रतल; सावली झाली टॉप व्ह्यू.

पुठ्ठ्याचा षट्कोनी प्रिझम घ्या. पायाची बाजू ३० मिमी, अक्ष (दोन्ही पायांचे मध्य जोडणारी रेषा) ६०. वीतभर उंचीवर उभा धरला की खाली षट्कोन पडतो. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ५२, कोपऱ्यांमधलं ६०. आता पायाची एक कड जमिनीला टेकवा आणि अक्ष जमिनीशी ३० अंश होईपर्यंत प्रिझम कलवा. सावलीला पट्टी लावा. ५२चे ७८ झाले: अक्षाच्या ६०चे ५२, पायाच्या ५२चे २६. पण कडेच्या दिशेचे ६० जागचे हललेले नाहीत! कलताना प्रत्येक कोपरा त्या कडेला काटकोनातच सरकतो, कडेच्या दिशेने मुळीच नाही.

सगळी मेख इथेच आहे. शीटवर फ्रंट व्ह्यू (समोरून दिसणारं चित्र) आहे तसाच कलता उतरवायचा, कारण त्याचा आकार बदलत नाही. त्याच्या कोपऱ्यांतून उभ्या रेषा खाली आणायच्या आणि जुन्या टॉप व्ह्यूतून एक्सवायला (आडवं आणि उभं प्रतल मिळतात त्या रेषेला) समांतर रेषा ओढायच्या. त्या छेदतात तिथे नवे कोपरे.

ही पद्धत फ्रान्सच्या गास्पार मोंजने अठराव्या शतकात किल्ल्यांच्या आखणीसाठी बसवली. लष्करी गुपित म्हणून ती बरीच वर्षं दडवली गेली. १७९५ साली पॅरिसमध्ये त्याने ती उघडपणे शिकवली. भारतात आपण व्ह्यू मांडायची फर्स्ट अँगल पद्धत वापरतो. त्यात वस्तू डोळा आणि प्रतल यांच्या मधे असते, अगदी सावलीसारखी. म्हणूनच टॉप व्ह्यू एक्सवायच्या खाली येतो. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो, तिथे तो वर जातो.

आता कललेला प्रिझम कल न बदलता जागेवरच फिरवा. सावली तशीच राहते, फक्त वळते. कोपऱ्यांची उंचीही तीच. प्रश्नातल्या "अक्षाचा टॉप व्ह्यू व्हीपीशी (उभ्या प्रतलाशी) ४५ अंश" या ओळीला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात. त्यासाठी टॉप व्ह्यू वळवायचा आणि उंच्या जुन्या फ्रंट व्ह्यूतून आडव्या आणायच्या, एवढंच.