बायप्लेनच्या पंखावरचं कापड लोंबत नव्हतं

विमानांची छोटी मॉडेल बनवणाऱ्यांत एक समज पक्का बसला आहे: जुन्या बायप्लेनच्या (एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाच्या) पंखावरचं कापड दोन बरगड्यांमध्ये, म्हणजे पंखात पुढून मागे जाणाऱ्या पट्ट्यांमध्ये, लोंबायचं, म्हणून किटमधल्या पंखांवरचे खोल खड्डे बरोबर. हे चूक आहे. लिनन ताणून शिवत आणि वर डोप नावाचं वार्निशसारखं द्रावण लावत. डोप सुकताना कापड आवळून ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होई. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन अल्बाट्रॉस डी.३ विमानाच्या पंखाची मागची कड तारेची होती. या ताणानेच ती बरगड्यांमध्ये आत ओढली जाऊन लहरी दिसते. सैल कापडाने हे झालंच नसतं.

हिशेब करा. १/७२ मापात ०.३ मिमी खड्डा म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास २२ मिमी!

उपाय सोपा आहे. ६०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी पट्टीला गुंडाळा आणि पाणी लावून बरगड्यांना आडवा घासा, म्हणजे फक्त उंचवटे उतरतील. बोटाने घासलं तर पेपर खड्ड्यातही शिरतो आणि खोली तशीच राहते. उंचवटे पूर्ण मिटवू नका, तिरप्या उजेडात जेमतेम दिसले पाहिजेत. मग प्रायमरचा पातळ हात.

आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात दुपारी रंगाचा स्प्रे मारला तर थेंब हवेतच सुकतात, पंख खरखरीत होतो आणि सगळी घासाई वाया जाते. पहाटेच मारा. कूलरसमोर तर नकोच, त्या ओल्या हवेने लॅकर रंग पांढरट पडतो.