कर्ज मंजूर, पण पेरणी उलटून गेल्यावर : अमेरिकेतले कृष्णवर्णीय शेतकरी आणि कृषी खातं

अमेरिकेत १९२०च्या गणनेत कृष्णवर्णीय शेतकरी सव्वानऊ लाखांहून जास्त होते. देशातल्या दर सात शेतकऱ्यांमागे एक. १९९७ साली ते १८ हजारांच्या आसपास उरले. यंत्रं आली, लोक शहरांकडे गेले, लहान शेतकरी सगळेच मोडले, हे खरं आहे. पण गोऱ्यांच्या मानाने ही घसरण फार वेगाने झाली, आणि तिचं मोठं कारण काउंटीच्या, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या, कचेरीत सापडतं.

जमिनीचा प्रश्न त्याहून जुना. जानेवारी १८६५मध्ये, यादवी युद्धात, उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी दक्षिण कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीत गुलामीतून मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देववली. पुढे १९१०पर्यंत कृष्णवर्णीयांकडे जी सुमारे दीड कोटी एकर जमीन आली, ती मुख्यतः पै-पै जोडून विकत घेतलेली होती.

१९३३च्या कायद्याने कापसाखालचं क्षेत्र घटवायला सरकारने पैसे दिले. पैसे जमीनमालकाच्या हाती पडत. वाटेकऱ्याला त्याचा हिस्सा देण्यापेक्षा त्याला जमिनीवरून काढणं अनेक मालकांना सोयीचं वाटलं. दक्षिणेत वाटेकऱ्यांमध्ये कृष्णवर्णीय फार मोठ्या संख्येने होते.

पुढची अडचण कारभाराच्या रचनेतच होती. कृषी खात्याच्या योजना राबवणाऱ्या काउंटी समितीत त्या काळी तीन ते पाच सदस्य असत आणि त्यांना तिथलेच शेतकरी निवडून देत. कर्जाच्या निर्णयांवर या समित्यांचं वजन होतं. १९९०च्या दशकात, कृष्णवर्णीय शेतकरी सर्वाधिक असलेल्या आग्नेय भागातसुद्धा, समिती सदस्यांत त्यांचं प्रमाण जेमतेम १ टक्का होतं.

तिथे उघड नकाराची गरजच पडत नसे. शेतकरी हिवाळ्यात हंगामी कर्जाला जाई, तेव्हा अर्जाचे कागद संपलेले असत. पुन्हा गेला की अर्ज अपुरा ठरे. दुरुस्त करून दिला की निधी संपलेला असे. कधी कर्ज मंजूर होई, पण रक्कम कापलेली आणि पेरणीची वेळ निघून गेलेली. उशिरा पेरलेलं पीक कमी उतरतं, हप्ता थकतो, आणि मग तारण जमिनीचा लिलाव. काहींचं कर्ज ‘देखरेखीच्या’ खात्यात जमा होई. बियाणं किंवा खत घ्यायचं तरी अधिकाऱ्याच्या सहीशिवाय पैसे निघत नसत. आग्नेयेकडच्या काही राज्यांत कृष्णवर्णीयांच्या अर्जाला गोऱ्यांच्या अर्जापेक्षा सरासरी तिप्पट वेळ लागत होता. शेतीत एवढा उशीर म्हणजे नकारच.

तक्रार करावी तर १९८३ साली खात्याने नागरी हक्कांच्या तक्रारी तपासणारी यंत्रणाच मोडीत काढली. तक्रारी घेतल्या जात होत्या, पण बहुतेकींची चौकशी होत नव्हती. कर्जातल्या भेदभावाविरुद्ध कोर्टात जायची मुदत दोनच वर्षांची असल्याने उत्तराची वाट पाहण्यातच दावे बुडाले. १९९८मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून जुन्या तक्रारींसाठी ही मुदत शिथिल केली, म्हणून आधीच दाखल झालेला एक मोठा खटला टिकला.

तो खटला उत्तर कॅरोलायनाचे शेतकरी टिमथी पिगफर्ड यांच्या नावाने ऑगस्ट १९९७मध्ये दाखल झाला. एप्रिल १९९९मध्ये न्यायाधीश पॉल फ्रीडमन यांनी तडजोड मान्य केली. पहिल्या मार्गाने ५० हजार डॉलर, भेदभावाशी निगडित सरकारी कर्जाची माफी आणि करापोटी काही रक्कम. दुसऱ्या मार्गाने सुनावणी आणि अमर्याद भरपाई, पण पुरावा भक्कम हवा. बहुतेकांनी पहिला मार्ग घेतला. त्याला ‘सोपा’ म्हटलं गेलं, तरी अट जाचक होती : आपल्यासारखीच परिस्थिती असलेल्या आणि जास्त चांगली वागणूक मिळालेल्या एका गोऱ्या शेतकऱ्याचं नाव द्यायचं. शेजाऱ्याला किती कर्ज, कधी मिळालं, हे कचेरीच्या फायलींत होतं, आणि त्या फायली शेतकऱ्याच्या हाती नव्हत्या. सुमारे १५,६०० दावे मंजूर झाले, एक तृतीयांशाच्या आसपास फेटाळले गेले. साठ हजारांहून जास्त लोकांनी मुदतीनंतर अर्ज केले; त्यांतले फार थोडे दाखल झाले. काउंटी समित्यांच्या रचनेला तडजोडीने हात लावला नाही, आणि ही तिची सर्वांत मोठी उणीव.

उशीर झालेल्यांसाठी २०१०मध्ये आधीचे १० कोटी धरून १.२५ अब्ज डॉलरांची दुसरी तडजोड झाली. २०२१च्या कोविड मदत कायद्यात अल्पसंख्याक शेतकऱ्यांच्या सरकारी कर्जापोटी १२० टक्के रक्कम देण्याची तरतूद होती. वरचे २० टक्के करासाठी. वंशावरून भेद करता येत नाही, या राज्यघटनेतल्या समान संरक्षणाच्या मुद्द्यावर गोऱ्या शेतकऱ्यांनी दावे केले, जूनमध्ये कोर्टाने देशभर स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२२मध्ये काँग्रेसने तरतूद रद्द केली. तिच्या जागी वंशाचं नाव न घेता, भेदभाव सोसलेल्या कोणालाही अर्ज करता येईल असा २.२ अब्ज डॉलरांचा निधी आला. जुलै २०२४मध्ये त्यातून ४३ हजारांहून जास्त लोकांना सुमारे २ अब्ज डॉलर देण्यात आले. जुलै २०२५मध्ये कृषी खात्याने वंश आणि लिंगावर आधारलेला ‘सामाजिकदृष्ट्या वंचित’ हा निकष आपल्या योजनांत यापुढे वापरणार नाही असं जाहीर केलं.