शालेय दमा-उपचार

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील दमेकरी मुलांना शाळेतच नियमित औषध, देखरेख आणि आजाराविषयीचे शिक्षण देण्याची पद्धत. ती मुख्यतः अमेरिकेत विकसित झाली. तेथील शहरांच्या गरीब वस्त्यांत, त्यातही कृष्णवर्णीय व प्वेर्तो रिको वंशाच्या मुलांत, दम्याचा त्रास अधिक आढळतो.

दम्याची इन्हेलरमधून घ्यायची औषधे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. धाप लागल्यावर साल्बुटामॉलचा फवारा श्वासनलिका चटकन मोकळ्या करतो. स्टेरॉइडचा फवारा त्यांची सूज आटोक्यात ठेवतो; तो मात्र बरे वाटत असतानाही रोज घ्यावा लागतो. त्याचा गुण लगेच जाणवत नाही, बंद केल्याचा तोटाही लगेच दिसत नाही. पालकांच्या कामाच्या पाळ्या, दोन घरांत विभागलेले मूल, संपलेला आणि पुन्हा न आणलेला इन्हेलर अशा कारणांनी नेमके हेच औषध आधी सुटते. याला पालकांचा हलगर्जीपणा म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही.

मूल रोज शाळेत येतेच, तेव्हा सकाळचा डोस तिथेच द्यावा, एवढीच या पद्धतीची साधी कल्पना. शाळेतील परिचारिका आपल्या समोर फवारा घ्यायला लावते. एक इन्हेलर शाळेत राहतो, दुसरा सुट्टीच्या दिवसांसाठी घरी. लहान मुलांना स्पेसर (इन्हेलर आणि तोंड यांमध्ये धरायची पोकळ नळी) लावून देतात, नाहीतर बरेचसे औषध घशातच बसते. तंत्र चुकले तर महागडे औषधही वाया जाते आणि ही चूक बघणारे कोणी असल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही.

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात ३ ते १० वर्षांच्या ५३० मुलांवर घेतलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शाळेत औषध मिळालेल्या मुलांना दर पंधरवड्यात सरासरी ११.६ दिवस त्रासाविना गेले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांना १०.४. फरक लहान दिसतो, पण त्यासाठी नवे औषध लागले नव्हते. पुढे त्याच शहरात टेलिमेडिसिनद्वारे, म्हणजे दूर बसलेल्या डॉक्टरांकडून, मुलांची तपासणीही शाळेतूनच करून पाहण्यात आली. लॉस एंजेलिसमध्ये वेगळी वाट निघाली: १९९५ पासून ‘ब्रेथमोबाइल’ हा चाकांवरचा दमा-दवाखाना शाळांच्या आवारात जाऊ लागला.

अचानक झटका आल्यास औषध कुलूपबंद असणे धोक्याचे. मुलांना स्वतःजवळ इन्हेलर ठेवू देणाऱ्या राज्यांना अनुदानात प्राधान्य देणारा संघीय कायदा अमेरिकेत २००४ मध्ये झाला. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना आणीबाणीसाठी साल्बुटामॉल इन्हेलर बाळगता येतात.

शाळेची इमारतही कधी आजाराला हातभार लावते. बॉस्टनच्या परिसरातील वर्गखोल्यांत उंदरांपासून येणारे ॲलर्जीकारक घटक मोठ्या प्रमाणात सापडले. मात्र हवा गाळणारी यंत्रे आणि कीड-उंदीर नियंत्रण यांमुळे मुलांचा त्रास लक्षणीय कमी झाला नाही, असे २०२१ च्या चाचणीत आढळले.

पद्धतीची मोठी उणीव सुट्टीत दिसते. उन्हाळ्यात औषधाचा नेम मोडतो आणि सप्टेंबरात शाळा उघडताच सर्दीच्या विषाणूंबरोबर झटक्यांची लाट येते. अनेक शाळांना पूर्णवेळ परिचारिका नाही. शिवाय दम्यामुळेच जे मूल वारंवार गैरहजर राहते, त्याचा डोसही त्या दिवशी शाळेतच पडून राहतो.